परसद्याची मडई

चर्चगेट स्थानकावर उतरून वानखेडे मैदानाकडे पायी निघालेल्या माणसाला सामन्यापूर्वीचे दोन-तीन तास कोठे घालवावेत, हा प्रश्न सहसा पडत नाही. कारण शहर तेथे मैदानाला चोहोबाजूंनी वेढून बसलेले असते, आणि सामना असो वा नसो, त्याचा चहा, त्याची वर्तमानपत्रे आणि त्याचा समुद्र आपापला व्यवहार चालू ठेवतात. रायपूरची तऱ्हा याच्या अगदी उलट आहे. येथले शहीद वीर नारायण सिंह आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदान जुन्या शहरापासून वीसेक किलोमीटर दूर, नवा रायपूरच्या रुंद आणि बहुधा रिकाम्या रस्त्यांच्या कडेला, परसदा नावाच्या गावाच्या शिवारात उभे आहे. वर्षातले बहुतेक दिवस त्याच्या सज्ज्यांवर पाखरांचीच वस्ती असते, आणि त्याला शेजार असा नाहीच. सामन्याच्या दिवशी तो शेजार कढई, चूल आणि झेंड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन पहाटेच निघतो, मैदानाभोवती पाल ठोकतो आणि रात्री उठून जातो.

छत्तीसगडात भाताची कापणी झाली, की गावोगाव मडई भरते. राऊत समाजाचे गवळी कवड्यांचे साज लेवून, हातांत काठ्या घेऊन नाचत येतात, भोवताली मिठाईवाले, बांगड्यावाले, पाळणेवाले जमतात, आणि जे रान काल मुके होते ते एक दिवस गजबजून पुन्हा मुके होते. परसद्याला क्रिकेटच्या निमित्ताने जे भरते ते माझ्या मते याच जातीचे आहे, आणि ते पाहायचे असेल तर सामना सुरू होण्यापूर्वी चार तास तरी तेथे पोहोचले पाहिजे. कारण खेळ एकदा सुरू झाला, की सगळी मडई भिंतीच्या आत जाते आणि बाहेर फक्त उकिरडा उरतो.

बुधवार, 3 डिसेंबर 2025 रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातला दुसरा एकदिवसीय सामना येथे व्हायचा होता. पहिला चेंडू दुपारी दीड वाजता पडणार होता. मी तात्यापाऱ्यातून सकाळी नवालाच निघालो. 'पारा' म्हणजे मोहल्ला. बुढापारा, ब्राह्मणपारा अशा नावांच्या पंक्तीत तात्यापारा हे नाव मराठी कानाला लगेच ओळखीचे वाटते, आणि वाटावेच. कारण अठराव्या शतकाच्या मध्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर बसला, बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला, आणि त्या काळापासून कारकुनी, वकिली, शिक्षकी अशा नाना निमित्तांनी मराठी कुटुंबे येथे येत आणि रुजत गेली. ज्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक 1900 साली काढले आणि पुढे लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले, ते माधवराव सप्रेही याच मुलखातले. रायपूरचा मराठी माणूस घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी बोलतो. क्रिकेटवर मात्र तो तिन्ही भाषांत एकाच वेळी भांडतो.

तात्यापाऱ्याहून जी. ई. रोडने पूर्वेकडे निघाले, की थोड्याच अंतरावर जयस्तंभ चौक लागतो. ज्यांचे नाव मैदानाला दिले आहे त्या नारायण सिंहांना 10 डिसेंबर 1857 रोजी याच ठिकाणी फाशी दिले, असे रायपूर मानते. सोनाखानचे हे बिंझवार जमीनदार. 1856 च्या दुष्काळात रयत उपाशी मरत असताना त्यांनी एका सावकाराचे धान्याचे कोठार उघडून ते लोकांत वाटले, सावकाराने सरकारदरबारी फिर्याद गुदरली, अटक झाली, आणि पुढल्या वर्षी तुरुंगातून निसटून त्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. सकाळी साडेनऊच्या सुमारास त्या चौकातून निळ्या सदऱ्यांतली तरुण मंडळी मोटारसायकलींवरून, एकेकीवर तिघे-तिघे, आरोळ्या ठोकीत चालली होती. त्यांच्यापैकी कितीजणांना त्या क्षणी हे स्मरले असेल, असली विचारणा करणे हा वयस्कर लेखकांचा आवडता आणि निरुपयोगी उद्योग आहे; मी तो केला नाही. एवढेच मनात आले, की धान्याच्या कोठारासाठी ज्याने प्राण दिले त्याच्या नावाचे मैदान भाताच्या शिवारात आहे, आणि आपण आता चौकातून शिवाराकडे निघालो आहो.

तेलीबांधा तलाव ओलांडला, (याच्या काठाला रायपूरकर 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात, आणि मुंबईकर पाहुणा हसला तर मनापासून रागावतात), की शहर विरळ होऊ लागते. मंदिर हसौदच्या वाटेने पुढे जाऊन नवा रायपूरकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या शेतांतले पिवळे धसकट, मधूनच रचलेल्या पेंढ्या, आणि धानाची पोती लादून खरेदी केंद्राकडे चाललेला एखादा ट्रॅक्टर दिसतो. त्या दिवशी या ट्रॅक्टरांना नाक्यावर थांबवून मोटारींना वाट करून दिली जात होती, आणि एक चालक पोत्यांवर रेलून ती निळी मिरवणूक अशा शांतपणे पाहत होता, की त्याला तिकिटाविना उत्तम जागा मिळाली आहे असे वाटावे.

हे मैदान 2008 साली तयार झाले. त्याच वर्षी नागपूरजवळ जामठ्याचे मैदानही सिद्ध झाले, तेही शहराबाहेर, वर्धा रस्त्यावर. परंतु जामठ्याला त्याच नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी मिळाली, आणि देशातल्या विशाल मैदानांत ज्याची गणना होते त्या रायपूरला पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी 21 जानेवारी 2023 पर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, तिष्ठत बसावे लागले. याचे मुख्य कारण मैदानात नव्हते, दप्तरात होते. छत्तीसगड राज्य 2000 साली झाले, तरी येथल्या क्रिकेट संघटनेला भारतीय मंडळाचे पूर्ण सदस्यत्व 2016 साली मिळाले आणि त्याच हंगामात, मोहम्मद कैफच्या नेतृत्वाखाली, छत्तीसगड प्रथम रणजी करंडकात उतरले. तोपर्यंत येथल्या होतकरू मुलाला मध्य प्रदेशाच्या संघाचा दरवाजा ठोठावावा लागे. मधल्या काळात मैदान भाडेकरूंवर दिवस काढीत होते: 28 एप्रिल 2013 रोजी दिल्लीच्या आयपीएल संघाने येथे पहिला सामना खेळला आणि, मराठी वाचकाने मनाला लावून घेऊ नये, पण त्यात पराभूत झालेला संघ पुण्याच्या नावाचा होता. 2021 च्या मार्चमध्ये निवृत्त खेळाडूंच्या स्पर्धेत सचिन तेंडुलकरच्या संघाने येथे अजिंक्यपद मिळवले. आणि 1 डिसेंबर 2023 रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या वीस षटकांच्या सामन्याच्या तोंडावर वर्तमानपत्रांतून असे बाहेर आले, की मैदानाची 3 कोटी 16 लाख रुपयांची वीजबिलाची थकबाकी असून मूळ जोडणी 2018 पासून तोडलेली आहे. तात्पुरती जोडणी आणि जनरेटर यांच्या आधारावर दिवे लागले, आणि त्या उसन्या उजेडात अमरावतीच्या जितेश शर्माने 35 धावा ठोकल्या.

मोटार दूरच्या वाहनतळावर उभी करून पायी निघाल्यावर मडई सुरू झाली. प्रथम भेटतात ते रंगवाले: तीन डब्या, एक आरसा आणि चिंधी एवढाच त्यांचा सरंजाम, पोराच्या गालावर तिरंगा ओढायला त्यांना अर्धे मिनिटही लागत नाही, आणि बाप पैसे मोजीत असतानाच पोर दुसरा गाल पुढे करते. नंतर सदऱ्यांचे ढीग. तीनच दिवसांपूर्वी रांचीला विराट कोहलीने 135 धावा केल्या होत्या, त्यामुळे पाठीवर 18 आकडा असलेल्या सदऱ्याचा भाव सकाळी दहाला एक आणि अकराला दुसरा होता. त्यापुढे खाण्याची रांग: पोहे-जिलेबी, तांदळाच्या पिठाचा चीला, वाफवलेला फरा, आणि गुपचुप. पाणीपुरीला येथे गुपचुप म्हणतात. पुरी तोंडात असता बोलता येत नाही, हे ज्याने प्रथम हेरले त्याच्या निरीक्षणशक्तीला मी नेहमी मनोमन दाद देतो. आसपासच्या गावांतल्या बायका उकडलेले शेंगदाणे आणि पेरू टोपल्यांत घेऊन बसल्या होत्या. त्यांना सामना कोणाकोणाचा आहे याविषयी फारशी उत्सुकता नव्हती, तो किती वाजता सुटेल याविषयी मात्र त्या प्रत्येकाला विचारीत होत्या.

मी भजी तळणाऱ्या एका बाईच्या पालाशेजारी, एका उपड्या खोक्यावर, मुक्काम टाकला. तेथून मैदानाच्या उंच सज्ज्यांची कड आणि दिव्यांचे मनोरे दिसत होते, आणि आत काय चालले असेल हे मनाने रचता येत होते.

सामन्यापूर्वीचे आतले तास हे फलंदाज-गोलंदाजांपेक्षा माळ्यांचे असतात. खेळपट्टी म्हणजे बावीस यार्ड लांब आणि दहा फूट रुंद एवढाच मातीचा तुकडा. परंतु ती माती चिकण असावी लागते, म्हणजे पाणी देऊन वर जड रूळ फिरवला असता ती दगडासारखी आवळून येते. सकाळच्या ओलाव्याचा अंश तीत उरला, तर नवा चेंडू तीवर पडून लहरीपणे वळतो. 2023 च्या त्या पहिल्या सामन्यात न्यूझीलंडचे पाच गडी अवघ्या 15 धावांत गेले आणि सारा डाव 108 वर आटोपला. त्या दिवशी नाणेफेक जिंकल्यावर, आपण फलंदाजी घेण्याचे ठरवले होते की गोलंदाजी, हेच रोहित शर्मा क्षणभर विसरला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला; अवघ्या देशाला हसू आले, पण हिवाळ्यातल्या रायपुरात तो प्रश्न खरोखरच विसरण्याजोगा सोपा नाही.

कारण सायंकाळी दंव पडते. निरभ्र आकाशाखाली सूर्य मावळला, की जमीन आपली उष्णता भराभर वर सोडते, गवताची पाती भोवतालच्या हवेहूनही थंड होतात, आणि हवेतल्या बाष्पाचे त्यांवर थेंब धरतात. ओल्या गवतावरून घरंगळत आलेला चेंडू साबणासारखा निसटता होतो. फिरकी गोलंदाजाच्या बोटांना त्याची पकड राहत नाही, आणि दुसऱ्या डावात फलंदाजी करणाऱ्याला ती जणू निसर्गाची कुमकच पोहोचते. माळी मैदानभर लांब दोर ओढून दंव झाडतात, पण ते थेंब पुन्हा धरतात. म्हणून डिसेंबरात येथे नाणेफेक जिंकणारा कर्णधार बहुधा प्रतिपक्षाला आधी फलंदाजी देतो. त्या दिवशी पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊक असेलच: आमच्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने 105 धावा करून आपले पहिले एकदिवसीय शतक रायपुरात पुरे केले, कोहलीने 102 केल्या, भारताच्या 358 झाल्या, आणि तरीही दक्षिण आफ्रिकेने चार गडी राखून तो डोंगर ओलांडला. दोन शतकांना दंवाने दाद दिली नाही.

परंतु सकाळी साडेअकराला हे सारे गर्भात होते, आणि गर्दीचा तो आनंद निखळ होता. हरलेला असा त्या रस्त्यावर अजून कोणीच नव्हता. नागपूर-गोंदियाकडून रात्रीच्या गाडीने आलेली चार मुले वऱ्हाडी ढंगात तिकिटाचे हिशेब करीत होती. त्यांच्यात तीनच तिकिटे होती, आणि चौथ्याने बाहेर बसून मोबाइलवर सामना पाहावा की तीन तिकिटांचे चार वाटे करावेत, यावर मोठा कज्जा चालला होता. मी मराठीत लवाद म्हणून मध्ये पडताच त्यांनी 'काका, तुमच्याजवळ आहे का एखादं जास्तीचं?' असे विचारून मला पेचात पाडले. माझ्याजवळ एकच होते.

दाराजवळ बंदोबस्त कडक होता. पोलिसांची झडती पाहणे हीही एक करमणूकच आहे: पाण्याच्या बाटल्या, घरचे डबे, अत्तराच्या कुप्या, सिगारेटी आणि सुटी नाणी, सारे जप्त. नाणी कशासाठी, असे एका आजीबाईंनी विचारले, तेव्हा 'माताजी, लोक खेळाडूंवर फेकतात' असे शिपायाने नम्रपणे सांगितले; आजीबाईंनी कमरेची पुरचुंडी सोडून नाणी मोजली, नातवाकडे पाहिले, आणि संपूर्ण कुटुंबाला मागे फिरवून त्या नाण्यांचे गुपचुप खाऊ घातले.

एक वाजण्याच्या सुमारास रस्ता ओसरू लागला. रंगवाल्याने आरसा उलटा ठेवला. भिंतीपलीकडून प्रथम एक प्रचंड आरोळी उठली, मग क्षणभर निःशब्दता, आणि मग हजारो कंठांतून एकाच वेळी निघालेला एक लांब, खाली उतरत जाणारा हुंकार. भजीवाल्या बाईने झारा कढईवर निथळत धरूनच विचारले, 'का होगे?'

'टॉस हार गेन,' मोबाइल कानाशी लावलेला तिचा मुलगा म्हणाला. एकदिवसीय सामन्यांत भारताने ओळीने गमावलेली ती विसावी नाणेफेक होती.

बाईने झारा कढईत सोडला. मी उठलो, आणि दाराशी जप्त होण्यापेक्षा बरे म्हणून खिशातली सगळी सुटी नाणी तिच्या पितळी ताटलीत ओतली. तिने ती एकेक करून मोजली, आणि तेवढ्या किमतीची आणखी भजी कागदावर ठेवून माझ्यापुढे केली. आत खाण्याचे काही नेता येत नव्हते. म्हणून दुसरी आरोळी उठली तरी मी तेथेच उभ्याने ती संपवीत राहिलो.