कुरणातील वनस्पती व दुधातील मेदाची जडणघडण : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात

भोर-वेल्ह्याच्या डोंगरमाथ्यांवर गवळी-धनगरांनी पिढ्यानपिढ्या म्हशी राखून लोणी-तूप बाजारात नेले. पठारावरील दख्खनी मेंढी मात्र मुख्यतः लोकर, मांस व खतासाठी पाळली जाते. दोन्हींच्या दुधात साधारणतः ६ ते ८ टक्के मेद असतो आणि चाऱ्याचा त्यावरील परिणाम एकाच प्रक्रियेने घडतो.

हिरव्या गवतातील मेदाम्लांत लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण सर्वाधिक असते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू ते टप्प्याटप्प्याने संपृक्त करतात. या क्रमात तयार होणारे व्हॅक्सेनिक आम्ल रक्तावाटे कासेत पोहोचते व तेथे त्याच्या काही भागापासून संयुग्मित लिनोलेइक आम्ल बनते. हिरड्यासारख्या वृक्षांच्या पाल्यातील टॅनिन जिवाणूंचे हे कार्य मंदावू शकते. गवत वाळताना मूळ लिनोलेनिक आम्लच घटते. परिणामी, पावसाळी हिरव्या चाऱ्यावरील लोणी अधिक मऊ असते.

रंगावरून हा भेद कळत नाही. म्हैस व मेंढी कॅरोटीनचे 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर करतात. त्यामुळे त्यांचे लोणी पांढरेच राहते. दूध संकलन केंद्रावरही मेदाचे प्रमाण मोजले जाते, त्याची घडण नव्हे. म्हणूनच कुरण नष्ट झाल्याने दुधाचे होणारे नुकसान दरपत्रकात उमटत नाही. कुरणांचे मोल ठरविताना मेदाम्लांचे ऋतुनिहाय पृथक्करण होणे अगत्याचे आहे.