नऊ इंचांचं कापड, चाळीस इंचांची नाडी

जालना जिल्ह्यात कापूस पिकतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि बाहेरगावी रवाना होतात. कापड मात्र इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागांवरून व्यापाऱ्यांच्या हातून परत येतं. २४ मार्च २०२० च्या रात्री कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि ही ये-जा थांबली. कापडाची दुकानं बंद, एसटी बंद, आठवडी बाजार बंद. नेमक्या त्याच दिवसांत जिल्ह्यातल्या प्रत्येक तोंडाला कापड हवं झालं.

किती कापड? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिलच्या सुरुवातीला घरगुती मास्कबद्दल सूचना काढली, तिच्यात माणशी दोन मास्क ठेवायला सांगितलं होतं. एक तोंडावर, दुसरा धुण्यात. म्हणजे जिल्ह्याला ३९ लाखांच्या वर मास्क लागणार होते. मोठ्या माणसाच्या मास्कला नऊ इंच लांब-रुंद असे दोन चौकोन लागतात. बांधायला दीड इंच रुंद आणि चाळीस इंच लांब अशा दोन नाड्या.

शिवणकाम करणारी बाई हे माप ऐकताच पन्ह्याचा हिशेब मांडते. छत्तीस इंची पन्ह्याच्या एका मीटरमध्ये नुसते चौकोन बेतले तर आठ मास्क निघतात. नाड्याही त्याच कापडातून काढायच्या म्हटलं की आठाचे चार होतात. कारण तोंडावरच्या दोन चौकोनांना १६२ चौरस इंच कापड लागतं आणि डोक्यामागे बांधायच्या नाड्याच १२० चौरस इंच खातात. इलॅस्टिक असेल तर जिल्ह्याचं काम पाच लाख मीटरमध्ये भागतं, नसेल तर दहा लाख मीटर लागतात. टाळेबंदीत इलॅस्टिकची टंचाई होती. त्यामुळे साथीच्या पहिल्या महिन्यांत कापडाचा खरा प्रश्न तोंडापेक्षा कानामागेच जास्त अडला होता.

बाजारातून काही येण्याची आशा नव्हती. १३ मार्चला केंद्राने मास्क जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत टाकले, २१ मार्चला दोन थरांच्या मास्कला ८ रुपये आणि तीन थरांच्या मास्कला १० रुपये अशी कमाल किंमत बांधली. किंमत ठरली, पण माल कुठे होता? मग कपाटं उघडली गेली. आपल्याकडे घराघरात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांची चळत असते. कुणी शिवत नाही, कुणी टाकतही नाही, पुढच्या ओटीत पुढे सरकवतात. त्यातले पॉलिस्टरचे बाजूला काढले की उरलेलं टू बाय टू सुती कापड मास्कला उत्तम. वीण घट्ट, अंगाला मऊ, घाम टिपणारं. जुनी सुती पातळं आणि धोतरंही चालायची, पण उजेडात धरून पाहावं लागे. कापडातून पलीकडचं दिसायला लागलं की ते मास्कच्या कामातून बाद, गोधडीत घालायला मोकळं. कोऱ्या कापडाला आधी मीठ घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं उकळी द्यायची, वाळवायचं आणि मगच कात्री लावायची. आधी आटलेलं कापड नंतर आटत नाही, आणि नऊ इंचांतला अर्धा इंच गेला तरी नाक उघडं पडतं.

मास्क म्हणजे शिवणकामातलं सगळ्यात सोपं काम, असं पुष्कळांना वाटलं. ब्लाउजच्या बाहीपुढे ते सोपं आहेच. पण त्यातही खाचाखोचा आहेत. नाड्या उभ्या धाग्यात काढायच्या. ब्लाउजच्या गळ्याला पायपिंग लावणारा हात सवयीने उरेब कापतो. उरेब पट्टी ताणली की लांबते आणि मास्क दुपारपर्यंत हनुवटीवर उतरतो. चौकोनाला तीन चुण्या घालायच्या, नऊ इंचांची उंची पाचावर आणायची. या चुण्यांची तोंडं बाहेरच्या बाजूने खाली हवीत. उलट्या घातल्या तर प्रत्येक चुणीत धूळ साठते आणि मास्क हनुवटीखाली नीट उघडत नाही. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळे रंग घेतले तर घाईत मास्क उलटा बांधला जात नाही. सगळ्यात अवघड जागा कडेची. तिथे दुहेरी कापडाची चुणी म्हणजे सहा थर, त्यावर दुमडलेली पट्टी. पातळ कापडासाठी लावलेली सुई इथे वाकते, टीप सुटते, खालचा दोरा गुंततो. जाणती बाई अशा वेळी मोटर किंवा पायडल सोडून देते आणि उजव्या हाताने चाक फिरवत एकेक टाका पार करते. पाच-सहा टाक्यांचं हे काम दिवसातून शंभरदा करावं लागलं की खांदा बोलायला लागतो.

ही मशीन आणि हे हात गावोगाव आधीपासून होते. माहेराहून आलेलं मशीन, शिवणक्लास करून घेतलेलं मशीन, बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतलेलं मशीन. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून राज्यात काम करतंय. ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे ‘उमेद’, २०११ पासून. या दोन्हींच्या गटांत बाईला मशीनच्या आधी एक शिस्त मिळाली. ठरल्या दिवशी बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि वहीतला हिशेब. मास्कच्या कामाला ही वही मशीनइतकीच उपयोगी पडली. कुणाला किती कापड दिलं, कुणाकडून किती नग आले, कुणाचे पैसे निघतात, हे लिहून ठेवायची सवय नसती तर वीस घरांत विखुरलेलं काम तिसऱ्या दिवशी भांडणात संपलं असतं. एकीने बेतायचं, दुसरीने चुण्या टाचायच्या, तिसरीने टीप मारायची, चौथीने इस्त्री करून मोजायचं. जिला शिवता येत नव्हतं तिलाही काम मिळालं.

देशपातळीवर बघितलं तर वेग थक्क करणारा आहे. जागतिक बँकेने एप्रिल २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार २७ राज्यांतल्या सुमारे २० हजार बचत गटांनी तोवर १ कोटी ९० लाखांवर मास्क शिवले होते. महाराष्ट्रात उमेद आणि माविमचे गट या कामात उतरले, जालना जिल्हाही त्यात होता.

त्याच वेळी जिल्ह्याचा मोठा उद्योग थंड पडला होता. जालना ओळखलं जातं ते सळया आणि बियाण्यांसाठी. भट्ट्या थांबल्या तसे परप्रांतीय मजूर पायी निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघाले होते. भट्टी चालायला वीज, भंगार, ट्रक आणि शेकडो माणसं एका जागी लागतात. ओसरीवरच्या मशीनला एक बाई, एक रीळ आणि खिडकीतला उजेड पुरतो. संकटात कामाची ही विखुरलेली ठेवणच टिकली.

तोंडाला कापड बांधणं जालन्याला अगदी परकंही नव्हतं. स्थानकवासी जैन साधू-साध्वींच्या तोंडावरची आठ पदरी मुहपत्ती इथे पिढ्यानपिढ्या पाहिलेली. गणेशलालजी महाराजांच्या समाधीमुळे हे शहर जैनांचं श्रद्धास्थान आहे. तिथे कापडाचा हेतू अहिंसेचा. साथीसाठी कापड वापरण्याची वाट मांचुरियातल्या १९१०-११ च्या प्लेगमध्ये डॉ. वू लिएन-तेह यांनी घालून दिली. त्यांनी सुती गॉजचे थर आणि कापूस वापरून मास्क करून घेतले होते.

कापडी मास्क उपयोगी किती पडला? उत्तर सरळ आहे आणि थोडं निराश करणारं आहे. बांगलादेशातल्या सुमारे ६०० गावांत झालेल्या मोठ्या अभ्यासात मास्कच्या प्रसाराने लक्षणं असलेला संसर्ग ९ टक्क्यांच्या आसपास घटला. पण स्पष्ट फायदा सर्जिकल मास्कचा दिसला. कापडी मास्कचा फायदा आकडेवारीत ठामपणे सिद्ध झाला नाही. जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तीन वेगवेगळ्या थरांचा मास्क सुचवला होता. आत सुती, मध्ये न विणलेलं पॉलिप्रॉपिलिन, बाहेर पॉलिस्टर. गावातल्या दुहेरी सुती मास्कची ती पात्रता नव्हती. पण एप्रिल २०२० मध्ये निवड कापडी आणि सर्जिकल यांच्यात नव्हतीच. ती कापडी आणि उघड्या तोंडात होती. शिवाय जे काही सर्जिकल मास्क होते ते दवाखान्यांसाठी मोकळे राहिले, हे काम या चौकोनांनी नक्की केलं.

मग भाव उतरले. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने दोन थरांच्या मास्कला ३ आणि तीन थरांच्या मास्कला ४ रुपये अशी कमाल किंमत ठरवली. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे त्या वेळी जालन्यातल्याच घनसावंगीचे आमदार होते. ग्राहकासाठी निर्णय योग्यच होता. पण चार रुपयांत कारखान्यातला तीन थरांचा मास्क मिळत असेल, तर चारचौघींच्या हातून गेलेला सुती मास्क कोण घेणार? लग्नसराईत शालूला मॅचिंग मास्क शिवून घेण्याची हौस काही दिवस चालली, तेवढीच. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातली मास्कसक्ती उठली आणि मागणी संपली.

मशीन मात्र राहिली. २०२४-२५ मध्ये सरकारी शाळांचे गणवेश माविमच्या गटांकडून शिवून घ्यायचं राज्याने ठरवलं, तेव्हा वाटलं की मास्कचा धडा कुणीतरी वाचला. पण कापड वरून एकगठ्ठा येणार होतं. ते उशिरा पोचलं, मापं जुळेनात, शिलाईचा दर परवडेना, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. पावसाळा सरला तरी अनेक शाळांत मुलांना गणवेश नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं.

दोन्ही कामांत हात तेच होते. मास्कच्या वेळी कापड घरातलं होतं, माप समोरच्या माणसाचं आणि हिशेब गटाच्या वहीत. गणवेशाच्या वेळी हे तिन्ही मुंबईत ठरलं आणि बायकांकडे फक्त टीप मारायचं काम उरलं. बेतणं, निवडणं, भाव ठरवणं हा शिवणकामाचा अर्धा भाग आहे, आणि तोच त्यांच्या हातून काढून घेतला. पुढची साथ येवो न येवो, पुढचा जून येणारच आहे. तालुक्याच्या शाळांचं माप तालुक्यातल्या गटाने घ्यावं, कापड त्यांनीच पारखून आणावं आणि आगाऊ रक्कम मार्चमध्ये त्यांच्या खात्यावर पडावी. मास्क शिवणाऱ्या बायकांनी हे सगळं एकदा, कुणी न शिकवता, करून दाखवलेलं आहे.