पाऊस थोडा, पूर मोठा

पंचवटीच्या रामकुंडाजवळील दुतोंड्या मारुतीला पाणी कोठवर लागलें, यावरून नाशिककर गोदेचा पूर मोजतात. कधीं शहराच्या नोंदींत पाऊस बेताचा, आणि मारुतीच्या छातीला पाणी! लगेच पर्जन्यमापकाला दोष देणें हा उतावीळपणा होय. आधीं नोंदीची वेळ पाहावी. हवामानखात्याचा पर्जन्यदिवस सकाळीं साडेआठला संपतो, म्हणून दुपारची सर दुसऱ्या दिवसाच्या खातीं जमा होते. तरीही मेळ न बसल्यास नदीच्या वरच्या अंगास जावें. त्र्यंबकच्या डोंगरांत नाशिकपेक्षां पुष्कळ अधिक पाऊस पडतो. तें पाणी गंगापूर धरणांत सांठतें आणि सोडल्यावर घाटावर येतें. विसर्गाची व पाणी चढल्याची वेळ शेजारीं मांडली कीं उलगडा होतो; घाटावरील दुकानदारांना माल केव्हां हलवावा, हें त्यावरच ठरवावें लागतें. ४ ऑगस्ट २०१९ रोजीं मात्र शहरांतही पाऊस होता, धरणांतूनही पाणी सुटलें होतें. तेथें एकाच कारणावर बोट ठेवतां येत नाहीं.