दुभत्या म्हशीचा खुराक आणि फळ्यावरचे उष्मांक

आपल्या शेतकरी कुटुंबांना आकड्यांचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये. पहाटे दूध संस्थेत रांगेला उभी राहिलेली बाई, फॅट साडेसहाच्या जागी सहा-एक लागली, तर सेक्रेटरीला जाब विचारल्याशिवाय किटली उचलत नाही. कारखान्याचा उतारा यंदा किती पडला, खताच्या पोत्यावरचे १०:२६:२६ म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही सांगता येते. पण आपल्या स्वतःच्या ताटात जे पडते त्याचा आकडा मात्र आपण कधी विचारलेला नाही. मी शेतकीचा पदवीधर, तीस वर्षे शिवार तुडवत आलो, तरी मीही विचारला नव्हता. तो आकडा माझ्यापुढे उभा राहिला तो महामार्गालगतच्या एका बर्गरच्या दुकानात.

गेल्या मे महिन्यात थोरल्या बंधूंच्या नातीचा वाढदिवस होता. पोरीला पंधरावे सरून सोळावे लागले. पुतण्याने सगळ्यांना गाडीत घातले आणि कोल्हापूरला नेले. देवीचे दर्शन झाले, रंकाळ्यावर फेरी झाली आणि परतताना पोरांच्या हट्टाने आम्ही त्या दुकानात शिरलो. आत गारवा, काचेसारखी चकचकीत फरशी आणि वर उजेडाचा भला मोठा फळा. प्रत्येक पदार्थाच्या नावापुढे दर आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी एक आकडा. वहिनी खुरपणीपासून धारेपर्यंत घरचे सगळे रेटणाऱ्या. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "भावजी, ह्या एका जिनसाला दोन-दोन दर कशापायी लिवल्यात?"

मी म्हणालो, "वहिनी, वरचा दर. खालचा त्यातल्या ताकदीचा आकडा."

"मग ज्येचा आकडा मोठा त्येच घ्या की! पैसं तर द्यायचंच हाईत."

सगळे हसले. पण मला हसू आले नाही, कारण हिशेब बाईंचा बरोबर होता. जिला दिवसभर उसात वाकायचे आहे, तिने रुपयाला जास्त ताकद मागितली तर काय चुकले? तेवढ्यात जिचा वाढदिवस ती नात म्हणाली, "धाकटे आबा, मला बर्गर नको. त्यात साडेतीनशे आहेत. मी नुसतं कोल्ड्रिंक घेते." आणि मी? दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी माझ्या कागदावर साखरेच्या आकड्याभोवती लाल गोल काढला होता. तो गोल खिशात घेऊनच मी मोठ्या आकाराचे बटाट्याचे तळलेले काप सांगायच्या बेतात होतो.

एका टेबलाशी तीन माणसे बसलेली, फळ्यावरचा आकडा एकच, आणि तिघांनी त्याचा तीन तऱ्हेने चुकीचा अर्थ लावलेला. घरी आल्यावर मी जुनी पुस्तके काढली. त्यातून जे हाती लागले ते आज सांगतो.

हा आकडा आला कोठून?

कोणी दुकानदार हौसेने हे आकडे लिहीत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा २०२० सालचा लेबलविषयक नियम आहे. ज्यांची दुकाने दहा किंवा अधिक ठिकाणी आहेत, किंवा ज्यांच्याकडे केंद्राचा परवाना आहे, अशा उपाहारगृहांनी पदार्थाच्या एका वाढणीत किती उष्मांक आहेत ते फळ्यावर किंवा यादीत दाखवले पाहिजे. १ जुलै २०२२ पासून हे बंधन लागू झाले. मोबाईलवरून मागवलेल्या जेवणालाही ते लागू आहे. त्याच फळ्यावर एक ओळ असते: सरासरी क्रियाशील प्रौढ माणसाला दिवसाला २००० किलोकॅलरी ऊर्जा लागते, पण प्रत्येकाची गरज कमीजास्त असू शकते. या ओळीचा 'पण'नंतरचा भाग फारसा कोणी वाचत नाही. सगळी गोम तेथेच आहे.

ही चाल मूळची आपली नव्हे. न्यूयॉर्क शहराने २००८ साली साखळी उपाहारगृहांना असे आकडे लावायला लावले. इंग्लंडमध्ये मोठ्या उपाहारगृहांना एप्रिल २०२२ पासून तसे करावे लागले. न्यूयॉर्कमध्ये स्टारबक्स नावाच्या कॉफीच्या दुकानांतील विक्रीचा अभ्यास झाला, तेव्हा फळा लागल्यावर दर गिऱ्हाइकी खरेदीमागे सुमारे ६ टक्के उष्मांक कमी झालेले दिसले. ६ टक्के म्हणजे फार नाही. फळा वाचून कोणी एका दिवसात बारीक होत नाही हे खरे, पण आंधळेपणाने मागवणे थोडे तरी थांबते.

उष्मांक म्हणजे काय, हे चुलीजवळ बसून सांगायचे तर एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. व्यवहारात आपण तिलाच उष्मांक किंवा नुसती कॅलरी म्हणतो. एक ग्रॅम पिठूळ पदार्थ किंवा साखर ४ उष्मांक देते, एक ग्रॅम प्रथिनही ४ देते, आणि तेल-तूप मात्र ९ देते. एवढे तीन आकडे पाठ केले तर फळ्याची निम्मी भाषा कळते. तळलेल्या जिनसाचा आकडा का फुगतो, हे मग कोणाला विचारावे लागत नाही.

गोठ्यातले शहाणपण

कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात आम्हाला जनावरांचा खुराक काढायला शिकवत. म्हशीला नुसत्या शरीरपोषणासाठी दीड-दोन किलो खुराक, आणि त्यावर दर दोन लिटर दुधामागे एक किलो. हे तुम्ही सगळे करता. म्हैस आटली की दुसऱ्या दिवसापासून पेंडीचे माप खाली येते. भाकड म्हशीला दुभतीचा खुराक घालणाऱ्याला गावात वेड्यात काढतील. गाभण म्हशीचे माप शेवटच्या दोन महिन्यांत पुन्हा वाढवायचे, हेही कोणी सांगावे लागत नाही.

माणसाचे नेमके असेच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे तक्ते दिले, त्यांत ६५ किलो वजनाच्या तरुण पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला २११० उष्मांक धरले आहेत, मध्यम कष्टासाठी २७१० आणि अंगमेहनतीच्या कामासाठी ३४७०. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२० असे आहेत. वय चढेल तसे माप उतरते. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला २४००, आणि त्यापुढे अठरापर्यंत २५००.

आता पुन्हा त्या टेबलाशी येऊ. फळा म्हणतो २०००. आमच्या नातीला रोज लागतात अडीच हजार. ती सायकलने शाळेला जाते, कबड्डी खेळते, अंगाने अजून भरायची आहे. तिने साडेतीनशेच्या आकड्याला भिऊन खाणे टाकले आणि शीतपेय घेतले. त्या पेयात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ११ ग्रॅम साखर, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या पेल्यात १३० उष्मांक, आणि त्यात प्रथिन नाही, लोह नाही, काही नाही. वाढत्या पोरीने उपाशी राहून साखरेचे पाणी प्यायचे, हा कसला हिशेब? मी तिला म्हटले, "बाळ, तू वाढती कालवड आहेस. आकडा बघून भ्यायचं तुझ्या आबाने, तू नाही." ती 'कालवड' म्हटल्याबद्दल रुसली, पण बर्गर खाल्ला. शहरातून हे आकड्यांचे भय आता खेड्यातल्या मुलींपर्यंत येते आहे. आयांनी तिकडे लक्ष ठेवावे. मुलगी जेवण टाळू लागली तर रागावू नका, पण दुर्लक्षही करू नका.

वहिनी खुरपणीला जातात. त्यांना बैठ्या बाईपेक्षा पुष्कळ जास्त लागते. आणि मी? पूर्वी सायकलवर बांधाबांधाने फिरत असे. पंधरा वर्षांपूर्वी मोटारसायकल आली आणि पुढे अर्धे काम कचेरीत संगणकापुढे सुरू झाले. खाणे मात्र सायकलच्या काळातलेच राहिले. म्हणजे मी भाकड म्हैस होतो आणि खुराक दुभत्याचा ओढत होतो. हे एकट्या माझे नाही. नांगर गेला, ट्रॅक्टर आला. मोट माझ्या वडिलांच्या काळातच गेली, आता तर मोटरही घरातून फोनवर चालू होते. ताट मात्र अजून औत हाकणाऱ्याचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार ग्रामीण भागातल्या प्रौढांत शंभरात जवळजवळ नऊ जणांना मधुमेह आहे, आणि त्याच्या उंबऱ्यावर उभे असलेले खेड्यात आणि शहरात जवळपास सारखेच, शंभरात पंधरा. हा शहराचा रोग राहिला नाही.

मिसळीला फळा नाही

आता एक कडू गोष्ट. आमच्या कोल्हापूरकरांना राग येईल, पण सांगतो.

मॅकडोनाल्ड्सचे पहिले दुकान आपल्या देशात १९९६ साली दिल्लीत निघाले आणि त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला. त्यांनी आपल्या पदार्थांचा जो तक्ता प्रसिद्ध केला होता, त्यात आलू टिक्की बर्गर सुमारे ३४० उष्मांकांचा आणि मध्यम आकाराचे बटाट्याचे काप सुमारे ३१८ चे होते. त्यात शीतपेयाचे १३० मिळवा. एकूण ७९०च्या घरात. हे ऐकून आपण म्हणणार, बघा, हे साहेबी खाणे!

मी घरी तराजू घेऊन बसलो आणि आपल्या मिसळीचा हिशेब केला. फरसाण ५० ग्रॅम, तळीव बेसन, म्हणजे २७५. कोरडी मटकी ३० ग्रॅम, सुमारे १००. कटावरच्या तवंगाचे तेल २० ग्रॅम धरले तर १८०. पावाचे चार स्लाईस, २६०. बेरीज ८१५! जास्तीचा कट आणि आणखी दोन स्लाईस मागितले की हजाराच्या वर. घरोघरी माप वेगळे असेल, शंभर इकडे-तिकडे होईल, पण बर्गरला नावे ठेवून मिसळीवर ताव मारणाऱ्याने बढाई मारू नये. मिसळीत मटकीचे प्रथिन आहे ही जमेची बाजू. पण खानावळीच्या भिंतीवर फळा नाही. नियम दहा दुकानवाल्याला आहे, एका दुकानवाल्याला नाही, आणि ते योग्यच आहे. गल्लीतल्या मावशीने प्रयोगशाळा कोठून आणावी? हिशेब आपणच करायचा.

त्यासाठी काही आकडे स्वयंपाकघरात लिहून ठेवण्यासारखे आहेत. १०० ग्रॅम ज्वारीत ३४९ उष्मांक, गव्हाच्या पिठात ३४१, तांदळात ३४५. म्हणजे भाकरी खा की चपाती खा, उष्मांकांत फरक जवळजवळ नाही. किती खाल्ली त्यात आहे. शेंगदाणे १०० ग्रॅमला ५६७. गूळ ३८३ आणि साखर ३९८. गुळाचा चहा पिऊन मधुमेह बरा होतो म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघावेत.

साखळी दुकानात गेलात तर दोन-तीन गोष्टी पाहा. आकडा एका वाढणीचा असतो, तेव्हा वाढणी केवढी ते आधी विचारा. पिझ्झाच्या बाबतीत तो एका तुकड्याचा आहे की सबंध भाकरीएवढ्या पिझ्झाचा, हे न पाहता बेरीज करू नका. 'थोडे पैसे टाका, मोठे घ्या' असे काउंटरवरचा मुलगा गोड बोलून विचारतो. त्या तक्त्यात मध्यम काप ३१८ चे आणि मोठे ४५०चे होते. टेबलावर फुकट ठेवलेल्या सॉसच्या पुड्या फळ्याच्या हिशेबात धरलेल्या नसतात. आणि फळा फक्त ताकद सांगतो, कस सांगत नाही. जनावराला नुसती मळी पाजून दूध निघत नाही, सरकी पेंडही लागते, तसेच प्रथिनाचे.

मी डॉक्टर नाही. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे त्यांनी हा लेख वाचून जेवण कमी करू नये. गोळी घेऊन उपाशी राहिले तर साखर एकदम उतरते आणि माणूस बांधावरच कोसळतो. आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर कमी करायचा विचारही करू नये.

माझे स्वतःचे काय झाले ते सांगतो. मी वही घातली. पंधरा दिवस जे पोटात गेले ते लिहिले. बर्गर त्यात एकच होता, मिसळ तीनदा. पण चोर निघाला तिसराच. विस्तार अधिकारी म्हटले की ज्या घरी जाईल तिथे चहा. म्हशीचे ५० मिलिलिटर दूध आणि दोन चमचे साखर म्हणजे कपाला सुमारे १०० उष्मांक. दिवसाला सात-आठ कप होत. सात-आठशे उष्मांक, म्हणजे शंभर ग्रॅम पिठाच्या दोन दणदणीत भाकरी, मी रोज न चावता पीत होतो. नको म्हटले तर घरधनीण म्हणते, "साहेब, आमच्या घरचा चहा चालत नाय व्हय?"

हल्ली मी उंबऱ्यातूनच ताक मागतो. काही घरी ते मिळते. काही घरी ताकही मिळते आणि वर चहाही येतो. तेव्हा मी अर्धा कप बशीत ओतून शेजारच्या माणसापुढे सरकवतो. वहिनींनी मात्र माझ्या नावाचा एक लहान कप निराळा ठेवला आहे आणि त्यात त्या साखर घालत नाहीत. नात तो चहा उकळताना वहीत आकडा मांडते.