हातावरचा शिक्का

चालणे हा व्यायाम आहे, हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. चालणे ही कला आहे, असे म्हटले की मात्र मंडळी हसतात. नुसते रस्त्याने चालत जाण्यात कला ती कोणती?

न्यूयॉर्कमधल्या मॅक्स न्यूहाउस या तालवादकाने 1966 साली याचे उत्तर दिले. त्या काळी काही नवे संगीतकार रस्त्यावरचे आवाज सभागृहात आणत आणि श्रोते बिथरत. त्यापेक्षा श्रोत्यांनाच बाहेर का नेऊ नये? त्याने मित्रांना बोलावले, प्रत्येकाच्या हातावर रबरी शिक्का उमटवला, ‘ऐका’, आणि तो चौदाव्या रस्त्याने ईस्ट नदीकडे चालू लागला. वाटेत वीजकेंद्राची घरघर, पुढे हमरस्त्यावर धावणाऱ्या टायरांचा आवाज, मग पोर्तो रिकन वस्तीतला गजबजाट. अखेर आपल्या स्टुडिओत नेऊन त्याने वाद्ये वाजवून दाखवली. पण खरी मैफल वाटेतच झाली होती.

मी उमेदीची वर्षे बँकेत शिक्के मारण्यात घालवली. शिक्का उमटला की काम संपले, ही आमची रीत. हा शिक्का उलटा, तो उमटला की काम सुरू!

कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प या संगीतकार बाईंनी 1974 साली अशा ‘ध्वनिफेरी’वर लेख लिहिला. त्यांच्या 1989 सालच्या एका रचनेत समुद्रकिनारा आहे. खडकांना चिकटलेल्या बारीक जीवांची टिकटिक ऐकू येते, आणि मागे शहराची घुमणारी गाज. ध्वनिमुद्रणात ती गाज यंत्राने पुसता येते, हे त्या स्वतःच सांगतात. आपल्या कानांना ती सोय नाही. बारीक आवाज ऐकायचा तर पायांनीच त्याच्याजवळ जावे लागते.

न गेल्यास काय बिघडते? आवाज जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. बँकेच्या काउंटरवर पितळी टोकनांचा खणखणाट असे. तो नेमका कधी थांबला, हे जमाखर्चाच्या कुठल्याच वहीत नोंदलेले नाही. रोज तिथे बसणाऱ्या आम्हालाही ते सांगता येणार नाही.

तेव्हा आज संध्याकाळी घरातल्या सर्वांनी मिळून वीस मिनिटे चालून पाहा. बोलायचे नाही, कानात काही घालायचे नाही. परतल्यावर प्रत्येकाने काय ऐकले, ते सांगायचे. पहिली पाळी घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्या. त्याची यादी बहुधा सर्वांत लांब निघेल.