एका आईने विचारलेला प्रश्न

योनीमार्गाचा कर्करोग मुळातच दुर्मीळ. झालाच तर तो बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बाईला होतो. त्यामुळे १९६६ ते १९६९ दरम्यान बॉस्टनच्या व्हिन्सेंट मेमोरियल रुग्णालयात अगदी कोवळ्या वयाच्या मुली हा आजार घेऊन येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टर चक्रावले.

तक्रार साधीच होती: पाळी नसताना रक्त जाणं. या वयात त्याचा दोष हार्मोन्सवर टाकणं सोपं असतं, आणि मुलीची आतून तपासणी करायला सहसा कुणी धजत नाही. तपासणी केली तरी गाठ हुलकावणी देऊ शकते. ती बऱ्याचदा वरच्या भागात, पुढच्या भिंतीवर असते आणि तपासणीसाठी आत घातलेल्या स्पेक्युलमचं पातं नेमकं तीच भिंत झाकतं. म्हणून स्पेक्युलम फिरवत बाहेर काढायचं आणि चारही बाजू बोटाने चाचपायच्या. आयोडीन लावलं की निरोगी अस्तर गडद तपकिरी होतं. जिथे भलत्याच ग्रंथीपेशी आहेत तो भाग फिकाच राहतो. तुकडा तिथला घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशी आतून रिकाम्या दिसतात, तर काही बुटाच्या तळाला ठोकलेल्या खिळ्यांच्या डोक्यांसारख्या वर आलेल्या. हाच क्लिअर सेल अ‍ॅडिनोकार्सिनोमा.

आजाराला नाव मिळालं, पण तो आला कुठून? धागा मिळाला तो एका मुलीच्या आईकडून. गरोदरपणात आपण घेतलेल्या गोळ्यांमुळे तर हे झालं नसेल ना, असं तिने डॉ. हॉवर्ड उल्फेल्डर यांना विचारलं. त्यांनी प्रश्न उडवून लावला नाही. आर्थर हर्ब्स्ट आणि डेव्हिड पॉस्कँझर यांच्यासह त्यांनी १५ ते २२ वर्षांच्या आठ रुग्ण मुली घेतल्या आणि प्रत्येकीमागे, ती जन्मली त्याच रुग्णालयात, त्याच सुमारास जन्मलेल्या चार निरोगी मुली. आठपैकी सात मातांनी गरोदरपणी डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल घेतलं होतं. निरोगी मुलींच्या बत्तीस मातांपैकी एकीनेही नाही. एप्रिल १९७१मध्ये हा निष्कर्ष छापून आला.

हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८मध्ये लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी तयार केलं होतं. गर्भ टिकावा म्हणून ते देण्याचा पुरस्कार बॉस्टनच्याच जॉर्ज आणि ऑलिव्ह स्मिथ या दांपत्याने केला. १९५३मध्ये शिकागोत सुमारे १६०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत त्याचा उपयोग शून्य ठरला, तरी चिठ्ठीवर ते पुढेही लिहिलं जात राहिलं. नोव्हेंबर १९७१मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदरपणात ते देऊ नये असं बजावलं. चाचणीपासून इशाऱ्यापर्यंत अठरा वर्षं गेली.

औषध पोटात गेलेल्या मातांच्या दर हजार मुलींपैकी साधारण एकीला हा कर्करोग झाला. प्रमाण छोटं वाटतं. पण नेहमीच्या गाठी असत्या तर त्या गर्दीत हरवल्या असत्या. आजार इतका विरळा होता, म्हणूनच सात-आठ रुग्णांवरून गुन्हेगार सापडला.

त्या मुली आता पन्नाशीच्या पुढे आहेत आणि त्यांना नियमित तपासणीचा सल्ला आजही दिला जातो. तपासणीआधीचा प्रश्न मात्र त्यांच्याबद्दलचा नसतो: तुमच्या वेळी आईला दिवस गेले होते, तेव्हा तिने कोणतं औषध घेतलं होतं?