चहाने व्हायरस मरतो का? मरतो... पण कुठे, ते ऐका!

ज्यांना कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून ऐकता आलं नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोलल्यासारखंच लिहिलंय, सांभाळून घ्या.

परवा सकाळी चाकणच्या तळेगाव चौकात टपरीवर उभा होतो. शेजारी एक पोरगा. डोळे लाल, नाक गळतंय, अंगात स्वेटर. फर्स्ट शिफ्टची बस यायची होती. टपरीवाल्याला म्हणाला, "मामा, आलं ठेचून कडक द्या. व्हायरस जळून गेला पाहिजे." मामा हसले, चहा दिला, बस आली, पोरगा गेला. ताप अंगात घेऊनच. मी मात्र तिथंच विचार करत राहिलो. खरंच जळतो का हो व्हायरस?

तो मेसेज आठवतोय?

मार्च २०२०. ९ तारखेला पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले, आणि काही दिवसांतच पिंपरी-चिंचवडमध्येही. त्याच महिन्यात सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत होता. वुहानच्या डॉ. ली वेनलियांग यांनी मरण्याआधी लिहून ठेवलंय म्हणे, की चहातले मिथाइलझँथिन, थिओब्रोमिन आणि थिओफिलिन हे घटक कोरोना बरा करतात. वर सीएनएनचं नाव चिकटवलेलं.

खोटं होतं ते. डॉ. ली होते डोळ्यांचे डॉक्टर. डिसेंबर २०१९ च्या शेवटी त्यांनी सहकाऱ्यांना नव्या आजाराबद्दल सावध केलं आणि ७ फेब्रुवारी २०२० ला त्याच आजाराने ते गेले. चहावर त्यांनी काही संशोधन केलेलं नव्हतं. पण मेसेज पटला, कारण त्यातला एक तुकडा खरा होता. थिओफिलिन हे दम्याचं जुनं औषध आहे. श्वासनलिका मोकळ्या करतं, व्हायरस मारत नाही. आणि चहात ते अगदी नावापुरतं असतं.

मग विज्ञान काय म्हणतं?

आता गंमत बघा. चहा व्हायरसला निकामी करतो, हे प्रयोगशाळेत खरंच दिसलंय. तेही आजचं नाही. १९४९ साली चहाच्या अर्काने फ्लूच्या विषाणूची वाढ थांबते का, हे कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेल्या विषाणूवर तपासलं होतं. ती थांबलीही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारात मिळणारे पाच चहा घेतले, कोरोनाच्या विषाणूत मिसळले, आणि दहा सेकंदांत ९६ टक्के किंवा त्याहून जास्त विषाणू निकामी झाले.

हे होतं कसं? ग्रीन टीमध्ये कॅटेचिन असतात, आपल्या काळ्या चहात थिओफ्लेविन. जीभ कोरडी करणारी जी तुरट चव असते ना, ती यांच्याच जातभाईंची. हे घटक प्रथिनांना चिकटतात. विषाणूच्या अंगावरही प्रथिनंच असतात, त्यांच्या जोरावर तो आपल्या पेशीला धरतो. ती झाकली गेली की त्याला पेशीत शिरता येत नाही.

मग झालं की काम! नाही ना. हे सगळं झालं काचेच्या भांड्यात. भांड्यात तर साबणाच्या पाण्यानेही व्हायरस मरतो, फिनेलनेही मरतो. म्हणून आपण फिनेल पितो का?

पिंपरीतच सापडणारं उत्तर

भांड्यापासून शरीरापर्यंतचं अंतर केवढं असतं, हे आपल्या पिंपरीने जवळून पाहिलंय. मुंबई-पुणे रस्त्यावरची एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलिन बनू लागलं.

हे पेनिसिलिन सापडलं होतं १९२८ मध्ये, लंडनमध्ये, एका बुरशी लागलेल्या बशीत. पण संसर्गाने आजारी असलेल्या माणसाला ते टोचायला १९४१ उजाडलं. ऑक्सफर्डमधला एक पोलीस शिपाई होता. औषध दिल्यावर तो सुधारायला लागला. पण साठाच इतका थोडा की डॉक्टरांनी त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचलं. शेवटी औषध संपलं आणि तो गेला. औषध बरोबर होतं, पण रक्तात पुरेसं, पुरेसा वेळ राहायला हवं होतं. (आणि पेनिसिलिन जीवाणूंवर चालतं. सर्दी-फ्लूच्या विषाणूंवर त्याचा उपयोग शून्य, हेही लक्षात ठेवा.)

चहाचं अगदी तेच. कॅटेचिन पोटातून रक्तात फार कमी पोचतात आणि काही तासांत बाहेर पडतात. प्रयोगात जेवढी मात्रा वापरतात, त्याच्या साधारण दहावा, कधी शंभरावा भाग रक्तात येतो. त्यात आपला अमृततुल्य दुधाचा. दुधातली प्रथिनं या तुरट घटकांना आधीच धरून बसतात. आणि "गरम घोटाने घशातला व्हायरस जळतो" म्हणाल, तर तो बसलाय पेशींच्या आत. तिथवर चहाची उष्णता जात नाही, जीभ मात्र भाजते. उलट ६५ अंशांपेक्षा गरम पेयं सतत पिणं अन्ननलिकेच्या कॅन्सरला आमंत्रण ठरू शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्येच सांगितलंय.

"मग गुळण्या?" चांगला प्रश्न. जपानमध्ये शिझुओका हा चहाचा पट्टा. तिथल्या साडेसातशे शाळकरी मुलांवर तीन महिने प्रयोग झाला, निकाल २०१४ मध्ये आला. ग्रीन टीने गुळण्या करणाऱ्यांत फ्लू ४.९ टक्के, साध्या पाण्याने करणाऱ्यांत ६.९ टक्के. फरक दिसतो, पण इतका लहान की योगायोगही असू शकतो.

काढ्याचंही असंच. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरीचा काढा आणि हळदीचं दूध सुचवलं होतं, ते प्रतिकारशक्तीसाठी. कोरोनावरचा इलाज म्हणून नाही. तरी लोकांनी दिवसातून पाच-पाच वेळा ढोसला आणि ॲसिडिटी करून घेतली.

मग चहा सोडायचा का?

अजिबात नाही! चहा तीन कामं खरोखर करतो.

एक, आराम. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात २००८ मध्ये सर्दी झालेल्या ३० जणांवर प्रयोग झाला. गरम सरबताने घसा, खोकला, शिंका, थकवा यात लगेच बरं वाटलं. तेच सरबत खोलीच्या तापमानाला दिलं, तेव्हा एवढा आराम पडला नाही. गंमत म्हणजे नाक मोजून पाहिलं तर काही जास्त मोकळं झालेलं नव्हतं. पण बरं वाटणं हेही काही कमी नाही.

दोन, पाणी. तापात अंगातलं पाणी जातं, ते भरून निघतं.

तीन, आणि हे सगळ्यात मोठं: उकळी. खळखळून उकळलेल्या पाण्यात काविळीचे आणि जुलाबाचे विषाणू टिकत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू आणि नोरोव्हायरस सापडला होता. तेव्हाही पहिली सूचना हीच होती, पाणी उकळून प्या. म्हणजे चहातला खरा "अँटिव्हायरल" घटक आहे टपरीवाल्याचा गॅस! पण तोच चहा एकाच बादलीत विसळलेल्या ग्लासात आला, तर कमावलेलं गेलं. आणि उसाच्या रसातला बर्फ? थंडीने विषाणू मरत नाहीत, उलट टिकतात. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर करायचा नियम आपल्याकडे २०१८ पासून आहे. निळा दिसला की ग्लास परत करा.

आता त्या पोराबद्दल

त्याला हे सगळं माहीत नव्हतं असं नाही. पण घरी बसला तर खाडा पडतो. कंत्राटी पोराला खाडा म्हणजे थेट पैसे कट. म्हणून तो चहावर विश्वास ठेवतो. चहा स्वस्त आहे, सुट्टी महाग आहे.

पण त्याचा हिशोब पुढे बघा. तो लाईनवर खोकणार, मग एका खोलीत राहणारी पाच-सहा पोरं. फ्लूचं खरं औषध ओसेल्टामिविर. डॉक्टर लिहून देतात ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं चालतं. २००९ मध्ये स्वाईन फ्लूने देशातला पहिला बळी आपल्याच पुण्यात घेतला होता. चहावर दोन दिवस ढकलले की ती वेळ निघून जाते.

आणि पगाराची स्लिप उघडून बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयची ०.७५ टक्के कपात दिसायला हवी. कंत्राटी असलात तरी. कपात होत असेल तर उपचार हक्काचे आहेत, चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणाच्या सुट्टीत ७० टक्के मजुरी मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत, म्हणजे छोट्या तापात हाताला फार लागणार नाही, हेही खरं. पण डॉक्टरचा कागद वेळेवर घेतला नाही, तर काहीच लागणार नाही.

धाप लागली, छातीत दुखलं, ताप तीन दिवसांवर गेला किंवा उतरून परत चढला, तर टपरी नाही, सरळ दवाखाना.

चहा घ्याच. आलं घाला, गवती चहा घाला. फक्त त्याच्याकडून औषधाचं काम मागू नका. आणि शेजारी उभा असलेला लाल डोळ्यांनी बसची वाट बघत असेल, तर मी केलं तसं नुसतं बघत राहू नका. "स्लिप दाखव रे तुझी" म्हणा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि चहाचे पैसे तुम्हीच द्या!